चावी सकाळी बायकोकडं

बार चालवणारी बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काय येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मागं एक पाव्हणा आमच्या घरी आला होता. इंदुताईचं नाव निघालं तर गडी मिशीतल्या मिशीत हसला. मी म्हणलं, चला, दाखवतेच तुम्हाला. नेऊन उभा केला काउंटरपुढं. इंदुताई आपली खुर्चीवर मांडी ठोकून बसलेली, नाकावर चष्मा, पदर कमरेला खोचलेला, लसूण सोलता सोलता वेटरला झापत होती. पाव्हण्याला तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, गाडी कुठं लावली? आणा चावी इकडं. बिचारा प्यायला आलाच नव्हता, तरी त्यानं गुमान चावी काढून दिली.

मी गोजाबाई. चाकणच्या एमआयडीसीला लागून आमचं गाव. पूर्वी इथं कांदा-बटाटा पिकायचा, आता जिकडं बघाल तिकडं कंपन्या, गोडाऊन आणि रस्त्याच्या कडेला उभे कंटेनर. इंदुताईच्या बारला रोज संध्याकाळी भाकऱ्या थापून देते ती मीच. आणि त्याच भाकऱ्या पुढं टेबलावर बसून खातात ते माझे मालक बबनराव, आधी घसा ओला करून. म्हणजे त्या बारचं किचनही माझ्या घरातलं आणि गिऱ्हाईकही माझ्या घरातलं. त्यामुळं ही हकीकत सांगायचा हक्क माझाच आहे, दुसऱ्या कुणी मधे तोंड घालू नये.

बारवर पाटी आहे, 'हॉटेल दौलत गार्डन, परमिट रूम अँड फॅमिली रेस्टॉरंट'. दौलत म्हणजे इंदुताईचा नवरा, दौलतराव. जमीन कंपनीत गेली तेव्हा गावातल्या लोकांनी मोठाल्या गाड्या घेतल्या, सोन्याचे गोफ घातले. दौलतरावानं रस्त्याकडेच्या उरलेल्या तुकड्यावर बार टाकला. माणूस दिलदार होता, त्यात खोटं नाही. पण स्वतःच्या बारचं पहिलं गिऱ्हाईक तो स्वतःच. एका संध्याकाळी स्वतःच्या काउंटरवरून उठला, बुलेटला किक मारली आणि घरी निघाला. बारपासून घर हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात रस्त्यात उभा असलेला कंटेनर त्याला दिसला नाही.

तेरावा झाला आणि इंदुताईचा धाकटा दीर सयाजी बोलायला बसला. म्हणाला, वहिनी, हे काही बाईमाणसाचं काम नाही, लायसन माझ्या नावावर करू, तुम्हाला घरबसल्या काय ते मिळत राहील. भावकीतल्या चार टोप्या हलल्या. सगळ्यांना वाटलं, विधवा बाई आहे, मान खाली घालून हो म्हणेल. इंदुताईनं मान वर केली.

"ज्या काउंटरवरनं माझा नवरा उठला आन् मेला, त्या काउंटरवर आता मी बसणार. मला कोण उठवतंय ते बघतेच."

पोरगी वर्षाली तेव्हा सांगवीला कॉलेजात होती, तिलासुद्धा आईचं हे ऐकून घाम फुटला. पण इंदुताईनं एक्साइजच्या ऑफिसात हेलपाटे घालून चपला झिजवल्या, वारस म्हणून लायसन स्वतःच्या नावावर करून आणलं आणि बसली. पहिल्या आठवड्यात अर्ध्या गावानं बारसमोरून मुद्दाम चकरा मारल्या. तमाशा बघायला. तिनं एकेकाला नाव घेऊन हाक मारली, येताय का आत, का नुसतं पेट्रोल जाळताय?

आल्या आल्या तिनं एक काम केलं. सुताराकडून एक फळी करून घेतली, तिला खिळे ठोकले आणि फळी काउंटरमागं टांगली. नियम एकच. दुसरी क्वार्टर मागायची असेल तर आधी गाडीची चावी खिळ्याला. मग त्या दिवशी ती चावी परत मिळायची नाही. चालत जा, रिक्षानं जा, लोळत जा, तुझं तू बघ. चावी मिळणार सकाळी, आणि तीही तुला नाही. बायकोला नाहीतर आईला. कंपनीत ट्रेनी म्हणून आलेली नांदेड-परभणीकडची पोरं खोल्या करून राहतात, त्यांच्या घरचं इथं कोण? तर त्यांची चावी खोलीमालकिणीच्या हातात.

आता तुम्ही म्हणाल, मग माणसं तिथं जायचीच कशाला? अहो, आमच्याकडं बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. बुधवारी सेकंड शिफ्ट नसलेला माणूस कंपनीतून सुटला की त्याची गाडी थांबते ती दौलत गार्डनच्या दारातच. आत माल खरा, मटण घरच्या मसाल्याचं, भाकरी माझ्या हातची. हायवेच्या बारमध्ये काय, एसीची थंडी आणि चकण्याला शिळे शेंगदाणे. शिवाय पहिल्या क्वार्टरला प्रत्येकाला वाटतं, आज आपण एकावरच उठणार.

खरी गंमत सकाळची. बारच्या मागच्या पडवीत इंदुताई चहा टाकायची आणि बायका चाव्या न्यायला यायच्या. पहिल्यांदा पदर तोंडावर ओढून आल्या, शरमेनं. मग पदर खाली आला. मग बसून चहा प्यायला लागल्या. पुढं पुढं बायकांच्या ध्यानात आलं, की चावी हातात आहे तोवर गडी घरात मांजरासारखा मऊ असतो. फर्स्ट शिफ्टला गाडी पाहिजे ना? मग आधी सिलिंडर आण. पोराच्या शाळेत जाऊन ये. एका बहाद्दरणीनं तर चावी ब्लाउजमध्ये खोचली आणि देहूला माहेरी निघून गेली. तिचा नवरा चार दिवस कंपनीला बसनं गेला आणि शेवटी सासूच्या दारात हात जोडून उभा राहिला. आम्ही पडवीत पोट धरून हसलो. मी पण बबनरावांच्या चावीवर घरात नळ ओढून घेतला, कबूल करायला मला लाज वाटत नाही.

पुरुषांच्या नाकाला मिरच्या झोंबणारच होत्या. बायको आपली चावी घेऊन येते, आणि येते ती हसत हसत, हे काय सहन होण्यासारखं आहे का? पारावर कुजबूज सुरू झाली. बार गावाच्या संस्कृतीला शोभत नाही म्हणे. रोज तिथं बसणाऱ्या तोंडांनाच ही संस्कृती आठवली.

ह्या कुजबुजीला वारा घालत होता सयाजी. त्यानं आडव्या बाटलीची टूम काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गावातल्या बायकांनी सह्या देऊन मागणी केली, की सरकार दारूच्या दुकानासाठी मतदान घेतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हणजे चालू ठेवा, आडवी म्हणजे बंद करा. गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला, की बारला कुलूप. मतदान फक्त बायकांचं. म्हणून सयाजीनं पुढं केलं आपल्या बायकोला, साधनाला.

साधनाबद्दल मी वाईट बोलणार नाही. तिचा सख्खा भाऊ पिंपळे गुरवला राहायचा, दारूनं पोट फुगून गेला, हिच्या मांडीवर डोकं ठेवून. त्या पोरीचा राग खरा होता. नवऱ्याच्या मनात काय शिजतंय ते तिला ठाऊक नव्हतं. गावची शीव संपते तिथं हायवेला त्याचं बांधकाम चालू होतं आणि बायकोला त्यानं सांगितलेलं, की लग्नाचं लॉन्स काढतोय. पाटी पण लॉन्सचीच लावलेली. पण मागच्या बाजूला काळ्या काचा बसत होत्या, लाइटा लटकत होत्या. मोठा लाउंज होणार होता, डीजेसकट. जागा शेजारच्या गावच्या हद्दीत, म्हणजे आमच्या गावातली बाटली आडवी झाली तरी याच्या केसाला धक्का नाही. उलट दौलत गार्डनची सगळी गिऱ्हाइकं शीव ओलांडून याच्या दारात. बारचा वेटर तिकडं नोकरी विचारायला गेला, म्हणून इंदुताईला हे कळलं.

साधनानं सह्यांसाठी संक्रांतीचं हळदीकुंकू धरलं. घरोघर बोलावणं गेलं, वाण म्हणून स्टीलचे डबे आणले. इंदुताईला बोलावणं नव्हतं. विधवेला कोण बोलावतंय? बारवर सकाळी तिच्या हातचा चहा पिणाऱ्या बायका, त्यांतल्या एकीनं पण म्हणलं नाही की ताईला बोलवा. मीही नटूनथटून निघाले होते, मला तरी कुठं सुचलं? पण तिथं जाऊन बसल्यावर ध्यानात आलं. समोर जिचा धंदा बंद करायचा चाललाय ती सोडून सगळं गाव जमलेलं.

साधना उभी राहून बोलत होती आणि दारातून इंदुताई आत आली. बारवर असते तशीच, पदर खोचलेला, पायात रबरी चपला. चपला तेवढ्या दाराशी काढल्या. कुंकवाचं तबक घेतलेल्या पोरीला कळेना, हिच्यापुढं तबक न्यावं का नाही. इंदुताईनं तिला हातानं बाजूला सारलं आणि मधोमध जाऊन बसली.

म्हणाली, "मला बोलावलं न्हाई. पण गावात मत मलाबी हाय, म्हणून आले. दारू वाईट, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक हाय? बंद करायचा तर करा बार. मी कुणाच्या पाया पडायला आले न्हाई. पण सही करायच्या आधी शिवेवर जाऊन लॉन्सच्या मागं काय बांधलंय ते बघून या. तिथं तुमच्या नवऱ्याच्या गाडीची चावी कोण काढून घेणार, तेवढं मला सांगा."

साधनाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं विचारलं, कसलं बांधकाम? जिच्याकडं बघेल ती हातातल्या डब्याचं झाकण उघडझाप करायला लागली, त्यावरून तिला काय ते कळलं. दुसरी कुणी असती तर पदर डोळ्यांना लावून आत पळाली असती. ही नाही पळाली. जागची हलली नाही.

"माझा भाऊ दारूनं गेला, ताई. त्याच्याकडं गाडीच नव्हती. चावी काढून घेतली असती तरी तो गेलाच असता. मी तुमचा बार बंद करणार. आन् ते जे बांधलंय, तेबी."

मला वाटलं, आता इंदुताई हिला फाडून खाणार. पण ती म्हणाली, खरं हाय तुझं. एवढंच. उठली, चपला घातल्या आणि गेली. ह्यासाठी मला ती आवडते.

सह्या झाल्या. पुरेशा झाल्या. मधल्या दिवसांत पुरुषांचा उत्साह काय वर्णावा! ज्यांनी जन्मात बायकोला दवाखान्यात नेलं नाही, ते मतदानाला न्यायला टेम्पो ठरवत होते. घराघरात शिकवणी चालू. चिठ्ठी घ्यायची, आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा, बरं का, उभ्यावर नाही. बबनरावांनी मला पेन्सिलीनं दोन्ही बाटल्या काढून दाखवल्या. मी म्हणलं, अहो, मी बाटल्या तुमच्याइतक्याच वर्षं बघतीय. ह्या सगळ्या दिवसांत बबनराव संध्याकाळी कुठं बसायचे? दौलत गार्डनमध्येच. इंदुताई त्यांना वाढायची पण. वर्षालीनं फोन करून रडून सांगितलं, आई, विकून टाक आणि माझ्याकडं ये. हिनं सांगितलं, मतानं बंद झाला तर कुलूप मी स्वतः लावीन, पण भिऊन न्हाई लावणार.

मतदान शाळेत झालं. पोलीस, एक्साइजचे साहेब, तहसीलचे साहेब, सगळा लवाजमा. म्हाताऱ्या कोताऱ्या आल्या, चिठ्ठीवरचं चित्र बघून पदराआड हसल्या. साधना रांगेत पुढं उभी होती आणि नवऱ्याशी एक शब्द बोलत नव्हती. इंदुताई पण रांगेत उभी राहिली, सगळ्यांच्या मागं. तिच्याशी कुणी बोललं नाही, तिनंही कुणाकडं बघितलं नाही. मला तिच्याजवळ जाऊन उभं राहावंसं फार वाटलं. पण बबनराव फाटकात उभे राहून माझ्याकडंच बघत होते.

दुपारनंतर साहेबांनी निकाल वाचला. आडवीला निम्म्याच्या आसपाससुद्धा मतं नव्हती. उभी बाटली उभीच राहिली.

फाटकाबाहेर पुरुष उभे होते, त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. सयाजी साहेबांशी हुज्जत घालायला लागला, परत मोजा म्हणे. परत मोजली. तीच. मग प्रत्येकजण आपापल्या घरी गेला आणि बायकोला विचारलं, तू कशावर शिक्का मारलास? आणि गावातल्या एकूणएक बाईनं सांगितलं, आडवीवर. शपथा घेतल्या, पोरांच्या डोक्यावर हात ठेवले. मला त्यात काही वावगं वाटत नाही. खरं सांगून मार का म्हणून खावा? चिठ्ठी गुप्त ठेवली आहे ती त्यासाठीच ना.

साधनानं मात्र चारचौघांत सांगितलं, मी आडवीवर मारला, पुन्हा मतदान लागलं तर पुन्हा आडवीवरच मारीन. दुसऱ्या दिवशी बॅग भरली आणि शेजारच्या गावी गेली. ते तिचं माहेर, आणि लाउंजची जागाही त्याच गावची. तिथं आई, भावजया, चुलत्या, सगळ्यांच्या सह्या गोळा करायला बसलीय, नवऱ्याचा लाउंज उघडायच्या आत. सयाजी तिला आणायला गेला तर सासूनं त्याला ओट्यावरूनच परत पाठवला. इंदुताईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, बघ, ही बाई मला हवी होती माझ्या बाजूला. पण न्हाई येणार, आन् येऊ बी नये.

माझ्या घरी काय झालं? काहीच नाही. बबनरावांनी मला विचारलंच नाही. एवढी वर्षं मी भाकरी ताटात टाकते, मान डोलावते, त्यांना खात्री होती माझी. त्या न विचारण्याचा मला जो राग आला, तो सांगता येत नाही. विचारलं असतं तर कदाचित मी पण आडवी म्हणले असते.

मग बुधवार आला. कंपन्या सुटल्या, दारात गाड्या लागल्या, दौलत गार्डन भरलं. माणसं जरा अवघडून बसली होती, एकमेकांना टाळत होती. इंदुताई खुर्चीवर मांडी घालून. कुणीतरी मागच्या टेबलावरून बोललंच, आमच्या बायकांनी तर आडवीला दिलं, वहिनी. दुसरा म्हणाला, आमच्या पण. मग सगळेच सुरू झाले, आमच्या पण, आमच्या पण. जसं काही उभीची मतं चोरांनीच येऊन पेटीत टाकली.

इंदुताईनं चष्मा काढला.

"मग उभीला मत दिलं कुणी? मी एकटीनं?"

जो तो दुसऱ्याच्या टेबलाकडं बघायला लागला, म्हणजे याची असणार, नाहीतर त्याची. आपली सोडून सगळ्यांच्या बायका. मी भाकऱ्यांची टोपली घेऊन किचनच्या दारात उभी होते. बबनराव खिडकीच्या टेबलावर, तेही मान वळवून दुसऱ्याकडंच बघत होते. बार भरलेला असताना किचनच्या बाहेर पुढच्या बाजूला मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. टाकलं. जाऊन टोपली त्यांच्या टेबलावर ठेवली.

म्हणलं, "मी दिलं."

अख्खा बार माझ्याकडं बघत होता. बबनरावांचा घास हातातच राहिला. ते फक्त म्हणाले, "तू?"

"व्हय, मी. आन् मी एकटी न्हाई. पण बाकीच्यांची नावं मरेपर्यंत सांगणार न्हाई."